रोंडाला पहिल्यांदा जाताय? मग एक रात्र तरी मुक्काम करा

स्पेनच्या दक्षिणेला आंदालुसियात डोंगरमाथ्यावर वसलेली जुनी गावं खूप आहेत, पण त्यातलं सगळ्यात जास्त फोटोत दिसणारं गाव म्हणजे रोंडा. मालागा प्रांतात, समुद्रसपाटीपासून ७०० मीटरपेक्षा जास्त उंचीवर, आणि गावाच्या बरोबर मधोमध शंभर मीटरच्या आसपास खोल दरी, त्या दरीवर दगडी पूल. बहुतेक टूरवाले मालागा किंवा मार्बेयाहून सकाळी बसमध्ये घालून आणतात, दोन-तीन तास सोडतात आणि परत नेतात. माझं स्पष्ट मत आहे की असं रोंडा बघू नये. का ते पुढे येईलच, आधी व्यवस्थेचं बोलू.

१. व्हिसा आणि तारखा

भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसा लागतो. ट्रिपमध्ये पोर्तुगाल, फ्रान्स वगैरेही असेल तर ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, त्यामुळे आधी रात्री मोजा आणि मग अपॉइंटमेंटच्या मागे लागा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, मोठ्यांची फी ९० युरो (सेंटरचे चार्जेस वेगळे) आणि किमान ३०,००० युरो कव्हर असलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतो. उन्हाळी सुट्टीत जायचं असेल तर अपॉइंटमेंटच मिळता मिळत नाही, म्हणून लवकर सुरुवात करा. जर्मनी, नेदरलँड्स, आयर्लंडला राहणारी आपली मंडळी वीकेंडला येतात, त्यातल्या आयर्लंडवाल्यांनी लक्षात ठेवा की तिथलं रेसिडेन्स परमिट शेंगेनमध्ये चालत नाही, तुम्हालाही व्हिसा लागतोच.

कधी जायचं? एप्रिल-मे किंवा सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी पस्तिशीच्या वर तापमान जातं आणि ह्या गावात सारखं चढ-उतार आहे, आई-बाबांना घेऊन तर नकोच. हिवाळ्यात गर्दी कमी, पण उंचीमुळे रात्री चांगलीच थंडी पडते, मालागाच्या बीचवर टी-शर्टात फिरलेला माणूस इथे संध्याकाळी कुडकुडतो. जॅकेट घ्याच. सप्टेंबरच्या सुरुवातीला पेद्रो रोमेरोची (अठराव्या शतकातला इथला प्रसिद्ध बुलफायटर) जत्रा असते, तेव्हा गाव सजतं, लोक अठराव्या शतकातले कपडे घालून फिरतात, मजा असते, पण हॉटेलचे रेट वाढतात आणि रूमही मिळत नाही. ईस्टरच्या आठवड्याचंही तसंच.

२. पोचायचं कसं

मुंबईहून गल्फमार्गे किंवा युरोपातल्या एखाद्या मोठ्या शहरातून मालागाला या, नाहीतर माद्रिदला उतरून रेल्वेने खाली या. मालागा ते रोंडा रस्त्याने १०० किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. ट्रेनला साधारण दोन तास लागतात, कधी थेट मिळते, कधी मध्ये बदलावी लागते. दिवसाला गाड्या थोड्याच असतात, त्यामुळे "स्टेशनवर जाऊ आणि बघू" हा आपला खाक्या इथे चालत नाही. तिकीट आधी रेन्फेच्या, म्हणजे स्पेनच्या सरकारी रेल्वेच्या, ॲपवर काढा. आपली कार्डं परदेशी वेबसाइटवर कधी कधी अडकतात, तर दुसऱ्या बँकेचं एक कार्ड हाताशी ठेवा आणि इंटरनॅशनल ट्रान्झॅक्शन घरूनच चालू करून घ्या. सेव्हिलहूनही बस आहे, साधारण दोन तासांची.

माद्रिदहून येणाऱ्यांनी अंतेकेरा-सांता आना ह्या स्टेशनवर गाडी बदलायचा पर्याय बघावा. आणि वेळ असेल तर आल्हेसिरास ते रोंडा ही जुनी सिंगल लाइन, ब्रिटिश कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बांधलेली, ती घ्या. बोगदे, नदी, कॉर्कची झाडं, साल काढलेले लालसर बुंधे. वाकडी वाट आहे पण ज्याला रेल्वेचं वेड आहे त्याने सोडू नये.

गाडी भाड्याने घ्यायची असेल तर आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून न्या, मूळ लायसन्ससुद्धा बरोबर हवं. तिथे उजवीकडून चालवतात. कोस्टवरून सान पेद्रोहून वर येणारा घाट सुंदर आहे पण वळणंच वळणं, गाडी लागणाऱ्यांनी गोळी घेऊन बसा. एक मात्र करा, गाडी नव्या भागातल्या पार्किंगमध्ये लावा आणि विसरून जा. जुन्या गावातल्या गल्ल्यांत गाडी घातलीत तर आरसे घासतील, आणि काही रस्त्यांवर तिथल्या रहिवाशांनाच परवानगी असते.

३. राहायचं कुठे

दरीच्या उत्तरेला एल मेरकादियो, म्हणजे नवा भाग. नवा म्हणजे पंधराव्या शतकानंतरचा, आपल्या हिशेबाने जुनाच. बस, ट्रेन, दुकानं, हॉटेलं सगळं इकडे. दक्षिणेला ला सिउदाद, म्हणजे मूर लोकांच्या (उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुस्लिमांच्या) काळचं मूळ गाव, शांत आणि दगडी रस्त्यांचं. बॅगा जड असतील किंवा गुडघे कुरकुरत असतील तर मेरकादियोत राहा, सपाट आहे, स्टेशनवरून पुलापर्यंत चालत वीसेक मिनिटं. कार्रेरा एस्पिनेल नावाचा लांबलचक पादचारी रस्ता आहे, दोन्ही बाजूला दुकानं, तो धरला की सरळ बुलरिंगसमोर, म्हणजे बैलझुंजीच्या मैदानासमोर, निघता. जोडीने आलेले असाल आणि बॅग पाठीवरची असेल तर ला सिउदादमध्ये एखादं छोटं हॉटेल बघा. पुलाला अगदी खेटून कड्यावर जे मोठं हॉटेल दिसतं ते पारादोर, म्हणजे सरकारी साखळीतलं, पूर्वी तिथे टाऊन हॉल होता. महाग आहे, पण त्याच्या मागून कड्याच्या कडेने फुकट चालता येतं, तेवढं करा.

मुक्काम का करायचा, तर टूरच्या बसेस सकाळी दहा-अकराच्या सुमारास येतात आणि संध्याकाळपर्यंत जातात. त्या मधल्या वेळात पुलावर सेल्फी स्टिकचं जंगल असतं. त्याच्या आधी आणि नंतर तेच गाव तुम्हाला निवांत मिळतं. शिवाय ऊन. खालच्या बाजूने पुलाच्या पश्चिमेकडच्या अंगावर ऊन दुपारनंतर येतं आणि पूर्वेकडची बाजू सकाळी उजळते, म्हणजे एकाच दिवशी धावपळ न करता दोन्ही बघायचं तर आदली संध्याकाळ आणि दुसरी सकाळ अशी जोडी जमवायला लागते.

४. पहिली संध्याकाळ: पूल

नाव पुएंते नुएवो, म्हणजे नवा पूल, आणि हा नवा पूल पूर्ण झाला १७९३ मध्ये. त्याआधी १७३५ साली घाईघाईत एकाच कमानीचा पूल बांधला होता, तो १७४१ मध्ये कोसळला आणि पन्नासेक माणसं गेली. मग १७५१ ला परत काम सुरू झालं आणि ह्या वेळी कुणाला घाई नव्हती, ४२ वर्षं लागली. शेवटच्या टप्प्यात काम बघणारा वास्तुकार होसे मार्तिन दे आल्देउएला. काही गाइड रंगवून सांगतात की तो पुलावरून टोपी पकडायला वाकला आणि दरीत पडून मेला. छान गोष्ट आहे, पण तो मालागात मेला, १८०२ मध्ये.

पूल ९८ मीटर उंच. मधल्या कमानीच्या वर, रस्त्याच्या खाली, एक खोली आहे जी एकेकाळी तुरुंग म्हणून वापरली जायची. आता तिथे छोटं प्रदर्शन आहे, तिकीट स्वस्त. प्रदर्शन यथातथाच, खोलीत उभं राहिल्यावर आपण नेमके कुठे आहोत ते जाणवतं, त्यासाठी जायचं.

आता महत्त्वाची गोष्ट. पुलावर उभं राहून पूल दिसत नाही! अर्ध्या दिवसाचे टुरिस्ट पुलावरून खाली बघतात, फोटो काढतात आणि जातात, त्यांना पूल दिसलेलाच नसतो. तुम्ही पूल ओलांडून ला सिउदादमध्ये या, उजवीकडे वळून प्लासा दे मारिया आउक्सिलियादोरा ह्या छोट्या चौकात जा, तिथून पायवाट खाली उतरते. दहा-पंधरा मिनिटं उतरलात की पहिला टप्पा येतो, समोर अख्खा पूल, खाली ग्वादालेविन नदीचा धबधबा, कड्यावर टांगल्यासारखी पांढरी घरं. सूर्य मावळायच्या तास-दीड तास आधी पोचा, दगड मधासारखा पिवळा होतो. बहुतेकांना इथपर्यंत पुरतं. अजून खाली गेलात तर चढताना दम निघतो, आणि हल्ली दरीच्या तळाकडे जाणारी तिकीट असलेली वेगळी वाटही केली आहे, उघडी आहे का ते टुरिस्ट ऑफिसात विचारून घ्या, पावसानंतर असल्या वाटा बंद ठेवतात.

चपला नकोत. दगड गुळगुळीत झालेत, आणि मधे मधे बारीक खडी आहे जिच्यावर पाय सटकतो. पाण्याची बाटली घ्या, वाटेत काही मिळत नाही. कड्यात लाल चोचीचे कावळे घरटी करतात, त्यांचा चींआऽ असा आवाज दरीत घुमत असतो. वर येईपर्यंत अंधार पडला तर उत्तम, पुलावर दिवे लागतात.

५. दुसरा दिवस: लवकर उठा आणि खाली खाली जा

सकाळी साडेआठ-नवाला नाश्ता करून निघा (नाश्त्याचं खाली लिहिलंय). आधी मेरकादियोच्याच बाजूने हार्दिनेस दे क्वेन्का ह्या बागेत जा. दरीच्या काठावर पायऱ्या-पायऱ्यांची बाग, फुकट, आणि इथून पुलाची पूर्वेकडची बाजू सकाळच्या उन्हात दिसते. बाग उतरत उतरत तुम्ही आपोआप पुएंते विएहो म्हणजे जुन्या पुलापाशी येता. तो ओलांडा आणि अजून थोडं खाली गेलात की आरब हमाम, बान्योस आराबेस.

हे ठिकाण मला बुलरिंगपेक्षा कितीतरी जास्त आवडतं. तेराव्या-चौदाव्या शतकातलं आहे आणि स्पेनमधल्या सगळ्यात चांगल्या अवस्थेत राहिलेल्या हमामांपैकी एक. थंड, कोमट, गरम अशा ओळीने खोल्या, छताच्या कमानीत चांदणीच्या आकाराची भोकं, त्यातून उन्हाचे चांदणीसारखेच तुकडे फरशीवर पडतात आणि हळूहळू सरकत असतात. बाहेर रहाट होता, गाढव फिरून पाणी वर खेचायचं आणि पाटातून आत सोडायचं. कसं चालायचं ते दाखवणारी छोटी फिल्म आत लावलेली असते, ती बसून बघा, मग सगळ्या भिंतींचा अर्थ लागतो.

इथून परत वर चढताना वाटेत फेलिपे पाचव्याची कमान आणि मग कासा देल रेय मोरो. नावाचा अर्थ मूर राजाचं घर, पण घर अठराव्या शतकातलं, इथे कुठला मूर राजा राहिला नाही. घरासाठी जाऊच नका. खरी गोष्ट बागेखाली आहे. चौदाव्या शतकात कड्याच्या पोटातून थेट नदीपर्यंत जिना खोदलाय, कारण वर गावात वेढ्याच्या वेळी पाणी मिळणार कसं? गुलाम आणि कैदी कातड्याच्या पखाली पाठीवर घेऊन ह्या जिन्याने पाणी वर आणायचे. गडकिल्ले फिरलेल्या माणसाला पुढचं सांगायलाच नको, पाणी तुटलं की गड पडतो. १४८५ मध्ये ख्रिश्चन राजा फेर्नांदोच्या फौजेने वेढा घातला, पाण्याची वाट तोडली आणि तोफा लावल्या, मे महिन्यात रोंडा पडलं.

दोनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, उंच-सखल, ओलसर, काही ठिकाणी दिवा मंद. खाली पोचल्यावर एकदम नदीच्या हिरव्या पाण्यापाशी निघता, दोन्ही बाजूंना सरळ कडे, वर आकाशाची एक पट्टी. पण जेवढं उतरलात तेवढं चढायचं आहे, लिफ्ट वगैरे काही नाही. गुडघे, हार्ट किंवा बंद जागेची भीती, ह्यातलं काही असेल त्यांनी वर बागेतच बसावं, तीही छान आहे, १९१२ साली फोरेस्तिए नावाच्या फ्रेंच उद्यान-रचनाकाराने आखलेली. तिकीट एकच असल्याने थोडं जिवावर येतं, पण असो.

मग वर प्लासा दुकेसा दे पार्सेन्त ह्या चौकात सांता मारिया ला मायोर चर्च. मशिदीच्या जागेवर उभं आहे आणि आत शिरताना मिहराबचा (मशिदीतल्या नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याचा) तुकडा अजून दिसतो, बघायचं राहू देऊ नका. मोंद्रागोन पॅलेस जवळच, आत म्युझियम, अंगणं सुंदर. ह्या सगळ्याची तिकिटं साधारण १० युरोच्या आसपास किंवा त्याहून कमी, सगळीकडे जाणार असाल तर एकत्रित तिकिटाचं टुरिस्ट ऑफिसात विचारा.

बुलरिंग परत पुलापलीकडे. १७८५ मध्ये सुरू झालेलं, मैदानाचा व्यास ६६ मीटर, पूर्ण दगडी सज्जे. आधुनिक पद्धतीची बैलझुंज इथल्या रोमेरो घराण्यामुळे घडली असं मानतात, त्यातल्या पेद्रो रोमेरोने पाच हजारांहून जास्त बैल मारले म्हणे. मला हे वाचूनच नको होतं. पण वर्षातले बहुतेक दिवस इथे झुंज नसते, रिकामं मैदान आणि म्युझियम असतं, वास्तू म्हणून बघायला हरकत नाही. मुलांना आवडतं, मैदानात पळता येतं. नको असेल तर शेजारच्या आलामेदा देल ताहो बागेत जा, झाडांखालून चालत गेलात की कड्याच्या टोकाला बाल्कनी आहे, समोर पूर्ण डोंगररांग, फुकट.

६. खायचं काय, विशेषतः शाकाहारी असाल तर

आधी वेळा. दुपारचं जेवण दीड-दोन ते चार, रात्रीचं साडेआठ-नऊच्या पुढे. सात वाजता भूक लागली म्हणून किचन उघडणार नाही. दुपारी दोन ते पाच छोटी दुकानं बंद. बॅगेत चिवडा, खाकरा असू द्या, त्यात लाज वाटायचं कारण नाही.

नाश्ता सोपा आहे. मोयेते म्हणजे मऊ पाव, भाजून, त्यावर किसलेला टोमॅटो आणि ऑलिव्ह ऑइल, सोबत दूध घातलेली कॉफी, काफे कोन लेचे. "तोस्तादा कोन तोमाते" म्हटलं की मिळतो. तेल स्वतः ओता आणि सढळ हाताने ओता, पावाच्या खाली ताटलीत उतरेपर्यंत.

जेवणात खरी अडचण हॅमची. तिथे "कार्ने" म्हणजे मांस नको म्हटलं तरी हामोनचे तुकडे घालून आणतात, कारण ते त्यांच्या हिशेबात मसाला आहे. म्हणून नाव घेऊन सांगा: "सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो", म्हणजे मांस नको, हॅम नको, मासे नकोत. सान्द्विच वेहेताल नावावर जाऊ नका, त्यात बहुतेक वेळा ट्यूना आणि अंडं असतं. साल्मोरेहो हे थंड, घट्ट टोमॅटो सूप अप्रतिम, पण वर अंडं आणि हॅम भुरभुरलेलं येतं, आधीच नको सांगा. क्रोकेतास बहुतेक हॅमचीच. बिनधास्त मागवायचं तर वांग्याच्या तळलेल्या कापांवर उसाची काकवी, बेरेन्हेनास कोन मिएल, आपल्याला लगेच आवडतं. पालक-छोले, एस्पिनाकास कोन गार्बान्सोस, जिऱ्याचा वास येतो आणि जीव भांड्यात पडतो. अंडं चालत असेल तर बटाट्याचं जाड ऑम्लेट, तोर्तिया. बकरीच्या दुधाचं पायोयो चीज जवळच्याच डोंगरातलं, नक्की खा.

राबो दे तोरो ही इथली फेमस डिश, ती बैलाच्या शेपटीची, ज्यांना चालत नाही त्यांनी मेनूवर हे नाव ओळखून ठेवा. येमास देल ताहो ही गोड मिठाई अंड्याच्या बलकाची असते. जैन जेवण मिळणं जवळपास अशक्य, किचन असलेला फ्लॅट घ्या आणि सुपरमार्केटमधून भाज्या आणा.

नळाचं पाणी प्यायला चांगलं, बाटल्या विकत घेत बसू नका. टिप सक्तीची नाही, सुटे ठेवले तरी चालतात. कार्ड स्वाइप करताना मशीनने "रुपयात की युरोत" विचारलं तर युरोच निवडा, रुपयात रेट वाईट लावतात. थोडी कॅश मात्र असू द्या, लहान बारमध्ये दोन-तीन युरोला कार्ड दिलं की तोंड वाकडं करतात.

७. अजून अर्धा दिवस असेल तर

गाडी असेल तर सेतेनिल दे लास बोदेगास वीसेक किलोमीटरच्या आत आहे, घरं आणि बार प्रचंड खडकाच्या छपराखाली घुसलेले, डोक्यावर छप्पर म्हणून सरळ डोंगरच. दुपारी पार्किंगला मारामारी, दहाच्या आत पोचा. त्याच बाजूला आसिनिपो ह्या रोमन गावाचे अवशेष, माळावर एकटंच उभं नाट्यगृह, मात्र उघडण्याच्या वेळा बेभरवशाच्या, निघायच्या आधी टुरिस्ट ऑफिसात विचारा. गाडी नसेल तर दोन्हीकडे बसने जमवण्यात अर्धा दिवस जातो, त्यापेक्षा दोघं-तिघं मिळून टॅक्सी ठरवा, जाऊन-येऊन आणि थांबायच्या वेळेसकट भाडं आधीच बोलून घ्या.

परतीचं तिकीट काढताना वार बघा. शनिवार-रविवारी आणि सणाच्या दिवशी बसचं टाइमटेबल वेगळं असतं, गाड्या कमी होतात, आणि स्पेनमध्ये स्थानिक सुट्ट्या गावागावाच्या वेगळ्या असतात ज्या आपल्या कॅलेंडरवर दिसत नाहीत. संध्याकाळी मालागाहून फ्लाइट असेल तर रोंडाहून शेवटच्या बसवर विसंबू नका, त्याच्या आधीची पकडा. चेक-आउटनंतर बॅगा हॉटेलवालेच ठेवून घेतात, "पुएदो देहार लास मालेतास?" एवढं विचारा.